सम्राट-चषक आणि एका संघाचे विसर्जन

क्रीडास्पर्धांचा इतिहास हा सामान्यतः विजेत्यांचा इतिहास असतो. विजेत्याचे नाव चषकाशी जोडले जाते, पराभूताचे नाव काही वर्षांत विस्मृतीत जाते, आणि विजेता पुढील वर्षी आपले पद राखण्यासाठी पुन्हा मैदानात उतरतो. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की त्याला अपवाद असू शकेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. जपानच्या फुटबॉलच्या इतिहासात मात्र असा एक अपवाद घडला. १ जानेवारी १९९९ रोजी टोकिओच्या राष्ट्रीय क्रीडांगणावर योकोहामा फ्ल्यूगेल्स या संघाने शिमिझु एस-पल्स या संघाचा २-१ असा पराभव करून त्या देशातील सर्वांत मानाचा सम्राट-चषक जिंकला, आणि तोच त्या संघाचा अखेरचा सामना ठरला. त्या दिवसानंतर फ्ल्यूगेल्स या नावाने कोणताही संघ स्पर्धेच्या मैदानात उतरला नाही. एखादी संस्था वस्तुतः कोणाची असते, तिचा खर्च चालविणाऱ्याची की तिच्यासाठी प्रतिवर्षी, प्रतिसप्ताह जमणाऱ्या लोकांची, हा प्रश्न या एका सामन्याने जितक्या स्पष्टपणे पुढे मांडला तितका क्वचितच कोणी मांडला असेल. म्हणून त्याची हकीकत थोडी विस्ताराने पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रथम या चषकाची कुळकथा सांगितली पाहिजे. १९१७ साली टोकिओस भरलेल्या अतिपूर्वेकडील देशांच्या क्रीडास्पर्धेत जपानी फुटबॉल संघास चीन व फिलिपाईन्स या दोघांकडूनही मोठे पराभव पत्करावे लागले. त्या काळी जपानात या खेळाची देशव्यापी संघटनाही नव्हती. अशा स्थितीत १९१९ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने जपानसाठी रुप्याचा एक चषक पाठविला. चषक आला, पण तो स्वीकारावयास संस्था नाही, असा विचित्र प्रसंग उभा राहिला. त्यातूनच १० सप्टेंबर १९२१ रोजी जपानच्या फुटबॉल संघटनेची स्थापना झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात टोकिओच्या हिबिया उद्यानात पहिली अखिल जपान स्पर्धा भरविण्यात आली. तोक्यो शुक्यूदान हा संघ विजयी झाला. त्यास चषक प्रदान करणारे ब्रिटिश राजदूत सर चार्ल्स इलियट हे होत. आपल्या वाचकांस हे नाव अगदीच अपरिचित नसावे. हिंदुधर्म आणि बौद्धधर्म यांच्या इतिहासावरील त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ याच १९२१ साली प्रसिद्ध झाला होता. आपल्या देवदेवतांचा व संप्रदायांचा अभ्यास करणारा हा विद्वान जपानी फुटबॉलच्या पहिल्या चषकप्रदानासही उपस्थित होता, हा इतिहासातील एक मौजेचा योगायोग म्हणावयास हरकत नाही.

त्या रुप्याच्या चषकाचे पुढे काय झाले? महायुद्धाच्या अखेरच्या काळात जपानी सरकारने युद्धसाहित्यासाठी देशभरातून धातू गोळा केला. मंदिरांतील घंटाही त्यातून सुटल्या नाहीत. १९४५ च्या प्रारंभी हा चषकही सरकारजमा झाला आणि त्याचे रुपे वितळून गेले. युद्धानंतर, १९४७ मध्ये, टोकिओत झालेला पूर्व व पश्चिम जपान यांच्यामधील सामना सम्राट हिरोहितो यांनी स्वतः पाहिला. पुढील वर्षी राजगृहाकडून संघटनेस एक चषक देण्यात आला आणि १९५१ पासून तो राष्ट्रीय स्पर्धेच्या विजेत्यास मिळू लागला. सम्राट-चषक हे नाव रूढ झाले ते असे. एक चषक गेला, दुसरा आला, आणि मध्यंतरी खंड पडूनही स्पर्धा पुढे चालू राहिली.

या स्पर्धेस जपानी जनमानसात जे स्थान लाभले त्यास तिची तिथी बऱ्याच अंशी कारणीभूत झाली. १ जानेवारी १९६९ रोजी यानमार डिझेल संघाने मित्सुबिशी संघास १-० असे हरविले. वर्षप्रतिपदेच्या दिवशी खेळला गेलेला हा पहिला अंतिम सामना होय. तेव्हापासून पुढे दीर्घकाळ नववर्षदिनी सम्राट-चषकाचा अंतिम सामना हा परिपाठ झाला. अलीकडच्या काही वर्षांत ही तिथी अनेकदा बदलली गेली, तथापि ज्या पिढीची ही कथा आहे तिच्या दृष्टीने १ जानेवारी आणि सम्राट-चषक यांचा संबंध अभेद्य होता. जपानी लोक नववर्षाच्या पहिल्या दिवसांत देवदर्शनास जातात. या पहिल्या दर्शनास ते हात्सुमोदे असे म्हणतात. टोकिओतील मेइजी देवस्थानात या दिवसांत लक्षावधी भाविकांची रीघ लागते. राष्ट्रीय क्रीडांगण त्याच देवस्थानाच्या बाह्य उद्यानाच्या परिसरात आहे. सकाळी देवदर्शन आणि दुपारी सामना, असा बेत करणे कित्येकांस म्हणूनच सहज शक्य होत असे. याच जागी १९२४ साली जुने क्रीडांगण उघडण्यात आले. ऑक्टोबर १९४३ मध्ये रणांगणावर निघालेल्या विद्यार्थ्यांना पावसात येथूनच निरोप देण्यात आला. त्यानंतर १९५८ मध्ये येथे राष्ट्रीय क्रीडांगण उभे राहिले आणि १९६४ च्या ऑलिंपिकचा सोहळा येथेच झाला. निरोपाची आणि उत्सवाची अशी दुहेरी स्मृती या भूमीस होती.

आता संघांकडे वळू. आरंभीच्या काळात या स्पर्धेवर विद्यापीठांचे व त्यांच्या माजी विद्यार्थ्यांचे वर्चस्व होते. १९६० साली फुरुकावा इलेक्ट्रिक हा चषक जिंकणारा पहिला कंपनी-संघ ठरला. त्यानंतर मोठमोठ्या उद्योगसंस्थांचे युग सुरू झाले. खेळाडू हे कंपनीचे नोकर, मैदान कंपनीचे, नावही कंपनीचे, अशी ती व्यवस्था होती. गोमंतकात खाणमालकांच्या घराण्यांनी पोसलेले फुटबॉल संघ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या व्यवस्थेचे गुण व दोष वेगळे सांगावयास नकोत. १९९३ मध्ये जपानात दहा संघांची व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा तिच्या चालकांनी हा संबंध पालटण्याचा निश्चय केला. संघाच्या नावातून कंपनीचे नाव जावे व गावाचे नाव यावे, संघ गावाचा व्हावा, हे तिचे मूळ सूत्र होते. योकोहामा या एकाच बंदर-नगरात त्या वेळी दोन संघ होते. एक निस्सान मोटार कंपनीचा मारिनोस आणि दुसरा फ्ल्यूगेल्स. फ्ल्यूगेल हा जर्मन शब्द असून त्याचा अर्थ पंख असा आहे. संघाची प्रमुख आश्रयदाती ऑल निप्पॉन एअरवेज ही विमान-कंपनी असल्यामुळे हे नाव शोभूनही दिसत होते.

परंतु या संघाचे मूळ कंपनीत नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९६४ साली योकोहामाच्या नाका विभागातील एका स्थानिक क्रीडामंडळातून त्याचा उगम झाला. विमान-कंपनी पुढे आश्रयदाती म्हणून आली आणि हळूहळू संघाची सूत्रे तिच्या हाती गेली. हे संक्रमण सुखाचे झाले नाही. १९८६ च्या मार्च महिन्यात संघातील सहा खेळाडूंनी एका लीग-सामन्यावर बहिष्कार टाकून आपला असंतोष जाहीर केला होता. पुढे सातो कोग्यो ही बांधकाम-कंपनीही भागीदार झाली. दोन धनवान आश्रयदात्यांच्या बळावर संघाची भरभराट झाली. १ जानेवारी १९९४ रोजी त्याने काशिमा अँटलर्सचा ६-२ असा पराभव करून पहिला सम्राट-चषक मिळविला आणि पुढच्याच हंगामात आशियाई चषकविजेत्यांची स्पर्धाही जिंकली. गावाचे नाव पाटीवर आले, पण खर्चाची वही मात्र कंपन्यांच्याच दप्तरात राहिली. व्यवस्थेतील हे वैगुण्य सुबत्तेच्या काळात कोणास जाणवले नाही.

ते जाणवावयास १९९८ साल उजाडावे लागले. जमिनीच्या व शेअरांच्या फुगलेल्या किमती कोसळल्यानंतर जपानची अर्थव्यवस्था काही वर्षे रखडत होती. नोव्हेंबर १९९७ मध्ये होक्काइदो ताकुशोकु ही बँक व यामाइची ही सुप्रसिद्ध रोखे-पेढी बुडाली. ऑक्टोबर १९९८ मध्ये सरकारला लाँग टर्म क्रेडिट बँक आपल्या ताब्यात घ्यावी लागली. सातो कोग्योने आर्थिक अडचणीमुळे संघातून अंग काढून घेण्याचे ठरविले आणि एकट्या विमान-कंपनीस भार पेलवेना. २९ ऑक्टोबर १९९८ रोजी फ्ल्यूगेल्सचे मारिनोसमध्ये विलीनीकरण होणार असल्याचे वृत्त जाहीर झाले. नव्या संघाचे नाव योकोहामा एफ. मारिनोस असे ठरले. एका संपूर्ण संघाची स्मृती एका अद्याक्षरात सामावण्यात आली. निर्णय वरच्या वर्तुळात झाला होता. खेळाडूंना व प्रेक्षकांना तो झाल्यानंतर कळला.

यानंतर जे घडले ते जपानच्या शिस्तप्रिय समाजात अनपेक्षित होते. संघाचे चाहते रेल्वेस्थानकांसमोर उभे राहून सह्या गोळा करू लागले. इतर संघांच्या चाहत्यांनीही त्यांस हातभार लावला. संघ जिवंत ठेवण्यासाठी निधी उभारण्यात आला. कंपनीच्या अधिकाऱ्यांशी बैठका झाल्या. त्यांचे म्हणणे साधे होते. ज्या नावासाठी आम्ही वर्षानुवर्षे येथे येत आलो ते नाव विकत घेता येत नाही, त्याचप्रमाणे ते कोणास मिटविताही येणार नाही. परंतु करारपत्रांच्या भाषेत या म्हणण्यास जागा नव्हती. डिसेंबराच्या आरंभी विलीनीकरणाच्या करारावर सह्या झाल्या आणि आशेचा उरलासुरला धागाही तुटला.

लीगचे सामने नोव्हेंबरातच संपले होते. आता केवळ सम्राट-चषक उरला होता. या स्पर्धेचा नियम असा की जो हरला तो बाद. इतर संघांच्या दृष्टीने बाद होणे म्हणजे पुढील वर्षाची वाट पाहणे. फ्ल्यूगेल्सच्या दृष्टीने त्याचा अर्थ संघाचा अंत असा होता. जोपर्यंत विजय मिळत जाईल तोपर्यंतच संघ अस्तित्वात राहणार होता. गर्ट एंगेल्स हे जर्मन प्रशिक्षक त्या शरद ऋतूतच मुख्य प्रशिक्षकपदी आले होते. मोतोहिरो यामागुची हा कर्णधार आणि सेइगो नाराझाकी हा गोलरक्षक. त्याच वर्षी फ्रान्समध्ये जपानचा राष्ट्रीय संघ प्रथमच विश्वचषक स्पर्धेत उतरला होता आणि हे दोघेही त्या संघात होते. ज्यांना पुढील महिन्यात आपण कोठे असू हे ठाऊक नव्हते अशा या खेळाडूंनी १३ डिसेंबरापासून एकेक सामना जिंकावयास प्रारंभ केला. ओत्सुका औषध-कंपनीचा संघ ४-२ असा हरला. व्हेंटफोरे कोफु ३-० असा हरला. उपउपान्त्य फेरीत जुबिलो इवाता २-१ असा पराभूत झाला आणि उपान्त्य फेरीत काशिमा अँटलर्स १-० असा. शेवटचे दोन विजय विशेष महत्त्वाचे होते. १९९८ च्या लीगमध्ये इवाताने पहिला टप्पा जिंकला होता आणि दुसरा टप्पा जिंकून काशिमा त्या वर्षीचा विजेता ठरला होता. देशातील दोन सर्वश्रेष्ठ संघांना मरणोन्मुख संघाने ओळीने नमविले.

अंतिम फेरीत समोर उभा राहिला तो शिमिझु एस-पल्स. शिझुओका प्रांतातील शिमिझु हे बंदर फुटबॉलवेड्यांचे गाव म्हणून ख्यात. लीगच्या पहिल्या दहा संघांपैकी हा एकच असा होता की ज्याच्या मागे पूर्वीचा कंपनी-संघ नव्हता. नागरिकांचा संघ म्हणूनच तो जन्मास आला होता. पण त्याच्यावरही नुकतेच असेच संकट ओढवले होते. १९९७ मध्ये त्याची चालक कंपनी कर्जात बुडाली आणि संघ नाहीसा होण्याची वेळ आली. गावकऱ्यांनी सह्यांची मोहीम काढली, सुझुयो ही स्थानिक वाहतूक-कंपनी पुढे आली, आणि १९९८ मध्ये नव्या व्यवस्थेखाली संघ वाचला. त्या दिवशी मैदानावर आलेल्या दोन संघांपैकी एक बुडता बुडता वाचलेला होता, तर दुसऱ्यास वाचविणारे कोणी मिळाले नव्हते.

हेइसेई ११ व्या वर्षाचा तो पहिला दिवस. प्रेक्षागार गर्दीने भरून गेले होते. सामन्यास आरंभ होऊन तेरा मिनिटे झाली असतील नसतील तोच मासाआकी सावानोबोरीने शिमिझुसाठी गोल केला. फ्ल्यूगेल्सचा शेवट जवळ आला असे वाटावयास एवढे पुरेसे होते. पण मध्यंतराच्या अगदी तोंडावर योशिकियो कुबोयामाने बरोबरी साधली. उत्तरार्धात दोन्ही बाजूंनी शर्थीचा खेळ झाला. ७३ व्या मिनिटास ताकायुकी योशिदाने दुसरा गोल केला. उरलेला वेळ फ्ल्यूगेल्सने ही आघाडी राखली आणि पंचांची अखेरची शिटी वाजली. यामागुचीने सम्राट-चषक उंचावला. जल्लोष झाला, अश्रूही आले, आणि त्या दोहोंमधील भेद त्या क्षणी कोणास सांगता आला नसता. जिंकल्यामुळे काहीही टळणार नव्हते, हे मैदानावरील व मैदानाबाहेरील प्रत्येकास ठाऊक होते. तरीही ते जिंकावयाचे म्हणून खेळले आणि जिंकले. त्या सामन्याचे मोठेपण माझ्या मते येथे आहे.

पुढील घटनांनी या विजयाचा विलक्षणपणा आणखी ठळक केला. सम्राट-चषकाच्या विजेत्यास नव्या हंगामाच्या आरंभी लीग-विजेत्याशी एक मानाचा सामना खेळावयाचा असे, शिवाय आशियाई चषकविजेत्यांच्या स्पर्धेत प्रवेशही मिळत असे. परंतु विजेता उरलाच नव्हता. सबब दोन्ही ठिकाणी पराभूत शिमिझुस जागा देण्यात आली, आणि त्या संघाने १९९९-२००० ची ती आशियाई स्पर्धा जिंकूनही दाखविली. विजेत्याचा वारसा असा उपविजेत्याकडे गेला. इतकेच काय, बरोबरीचा गोल करणारा कुबोयामाही पुढील हंगामात शिमिझुकडूनच खेळला. नाराझाकी व यामागुची नागोयास गेले. त्या वर्षी फ्ल्यूगेल्समध्ये नवखा म्हणून दाखल झालेला यासुहितो एन्दो क्योतोस गेला आणि पुढे जपानच्या राष्ट्रीय संघातर्फे १५२ सामने खेळून त्याने देशात उच्चांक प्रस्थापित केला. पंख मिटले, पक्षी मात्र दिशादिशांस उडाले.

आणि चाहते? त्यांच्यापैकी पुष्कळांनी नव्या एफ. मारिनोसकडे पाठ फिरविली. उभारलेला निधी व आपली चिकाटी यांच्या बळावर त्यांनी १९९८ च्या डिसेंबरातच योकोहामा एफसी हा नवा संघ स्थापण्याची तजवीज केली. बार्सिलोनाच्या धर्तीवर वर्गणीदार सभासदांनी संघ चालवावा अशी त्यांची कल्पना होती. जर्मनीत व्यावसायिक म्हणून नाव कमावलेले यासुहिको ओकुदेरा त्याचे अध्यक्ष झाले व पिएर लिट्बार्स्की प्रशिक्षक. हा संघ खालच्या पायरीवरून चढत २००१ मध्ये लीगच्या दुसऱ्या वर्गात आणि २००७ मध्ये पहिल्या वर्गात पोहोचला. त्या वर्षीच्या १० मार्च रोजी योकोहामातील मित्सुझावा मैदानावर त्याने योकोहामा एफ. मारिनोसला १-० असे हरविले. मिटविलेल्या नावाच्या अनुयायांनी गिळंकृत करणाऱ्यास नमविले, असे त्या दिवशी अनेकांस वाटले असल्यास नवल नाही.

परंतु इतिहासकाराने येथेच थांबून समाधान मानणे योग्य होणार नाही. सभासदांनी चालविलेला संघ ही मूळ कल्पना दीर्घकाळ टिकली नाही. चालक व सभासद यांच्यात वाद झाले आणि काही वर्षांत याही संघाची सूत्रे एका कंपनीकडे गेली. दुसरीकडे सातो कोग्योने संघ सोडूनही तिची स्थिती सुधारली नाही. मार्च २००२ मध्ये तिला न्यायालयाचे संरक्षण मागावे लागले. म्हणजे संघाचा बळी देऊनही आश्रयदाता सावरला नाही, आणि बळी गेलेल्यांनी नवे घर बांधले तरी ते सर्वस्वी त्यांचे राहिले नाही. पैशावाचून संस्था चालत नाही हे जितके खरे, तितकेच केवळ पैसा देणाऱ्यास संस्थेचा धनी मानले की ती एका सहीने संपू शकते हेही खरे. या दोन सत्यांचा मेळ घालण्याचे काम प्रत्येक पिढीस नव्याने करावे लागते. शिमिझुच्या लोकांनी ते एका रीतीने केले, योकोहामाच्या लोकांनी दुसऱ्या. दोघांच्याही यशास मर्यादा होत्या.

२०११ साली इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने युद्धात वितळून गेलेल्या त्या जुन्या चषकाची प्रतिकृती घडवून जपानला पुन्हा भेट दिली, आणि तेव्हापासून सम्राट-चषकाबरोबर तीही विजेत्याच्या हाती येते. रुपे वितळले तरी पुन्हा ओतता येते. नमुना ठाऊक असला म्हणजे झाले. ते राष्ट्रीय क्रीडांगणही पुढे २०१५ मध्ये पाडण्यात आले आणि त्याच जागी नवे उभे राहून १ जानेवारी २०२० रोजी तेथे सम्राट-चषकाचा अंतिम सामना झाला. चषक पुन्हा घडविला गेला, वास्तू पुन्हा बांधली गेली. फ्ल्यूगेल्स मात्र पुन्हा आला नाही. माणसांच्या परस्परविश्वासाने जे घडलेले असते त्याचा साचा कोणाच्याही कारखान्यात मिळत नाही. स्पर्धेच्या विजेत्यांच्या यादीत ७८ व्या क्रमांकासमोर योकोहामा फ्ल्यूगेल्स हे नाव आजही आहे. देवळाच्या, वाचनालयाच्या, शाळेच्या किंवा क्रीडामंडळाच्या कारभारात ज्यांचा हात आहे त्यांनी ते नाव एकदा अवश्य वाचावे, आणि आपल्या संस्थेची वही कोणाच्या दप्तरात आहे हे वेळ असताना पाहून ठेवावे.